चाके टेकल्यापासून दार उघडेपर्यंत

माझे वडील रेल्वेत स्टेशन मास्तर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पुणे-मिरज मार्गावरच्या ताकारी, भिलवडी, नांद्रे अशा लहान स्टेशनांवर त्यांची बहुतेक नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही सांगलीला विश्रामबागेत स्थायिक झालो. गाडी आली की वेळ लिहायची, सुटली की वेळ लिहायची आणि मध्येच अडली तर का अडली तेही लिहायचे, ही सवय त्यांच्या हाताला इतकी जडलेली आहे की आज ऐंशीव्या वर्षीही प्रवासाला निघताना त्यांच्या खिशात छोटी वही आणि पेन्सिल असतेच. गेल्या पावसाळ्यात दिल्लीला भावाकडून परत येताना विमान उतरल्यावर आम्हाला जे खोळंबून राहावे लागले, त्याचा हिशेब त्या वहीमुळेच माझ्यापाशी मिनिटामिनिटाने आहे. विमानतळाचे आणि विमान कंपनीचे नाव मी देत नाही. जे घडले ते कोणत्याही गजबजलेल्या विमानतळावर घडू शकते आणि माझे म्हणणे त्या एका रात्रीपुरते नाही.

वहीतल्या नोंदी अशा आहेत. चाके टेकली, १०.५२. विमान वाटेत उभे, १०.५८. पुन्हा हलले, ११.२०. जागेवर, ११.२४. दार उघडले, ११.५२. आम्ही जमिनीवर, १२.२६. तिकिटावर पोहोचण्याची वेळ ११.१५ छापलेली होती.

विमान वेळेआधी उतरले होते आणि पहिल्या खोळंब्याचे मूळ तिथेच होते. प्रत्येक विमानाला विमानतळावर उभे राहण्याची जागा नेमून दिलेली असते; तिला स्टँड किंवा बे म्हणतात. एक विमान तिथून निघायचे आणि दुसऱ्याने तिथे शिरायचे, अशी ही साखळी दिवसभर चालते. लहान पल्ल्याचे विमान एका जागेवर साधारण पाऊण तासच थांबते. तेवढ्यात माणसे उतरतात, सफाई होते, इंधन भरले जाते, नवी माणसे चढतात. साखळीतले एक विमान दहा मिनिटे रेंगाळले किंवा मागचे दहा मिनिटे लवकर आले, तर मागच्याला वाटेतच थांबावे लागते. रात्री उशिरा ही अडचण वाढते, कारण मुक्कामाची विमानेही तेव्हाच परतत असतात आणि जागा भरत जातात. सांगली-मिरजेच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘गाडी आऊटरला उभी आहे’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मिरजेचे दिवे दिसत असतात, हमाल फलाटावर उभे असतात, पण फलाट मोकळा नसतो म्हणून गाडी सिग्नलबाहेर उभी राहते.

फरक एवढाच की आऊटरला उभ्या असलेल्या गाडीत माणूस उठून दाराशी जाऊ शकतो, खिडकी उघडू शकतो, गरज पडली तर शौचालयात जाऊ शकतो. विमान वाटेत उभे असते तेव्हा इंजिन चालू असते, ते कोणत्याही क्षणी पुढे निघू शकते, म्हणून पट्टा बांधून बसून राहावे लागते. हा नियम योग्यच आहे. अचानक ब्रेक लागला तर उभा असलेला माणूस पडून जायबंदी होऊ शकतो. पण अण्णांना मधुमेह आहे, प्रोस्टेटचा त्रासही आहे, आणि उतरताना पट्ट्याचा दिवा लागल्यापासून त्यांनी स्वतःला कसेबसे आवरून धरले होते. त्यांनी दोनदा हात वर केला आणि हवाई सेविकेने दोन्ही वेळा नम्रपणे बसून राहायला सांगितले. त्यांचा उजवा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर होता. सांध्यांना गाठी आलेली ती बोटे कापडाची शिवण घट्ट धरून होती आणि नखे पांढरी पडली होती. माझ्याशी ते काहीच बोलले नाहीत. आयुष्यभर कोणापुढे गरज बोलून न दाखवलेल्या माणसाला शेजारी बसलेल्या मुलीलाही ही गोष्ट सांगणे किती जड जाते, ते मला त्या बोटांवरून कळले.

तोवर ‘थोड्याच वेळात आपण टर्मिनलकडे जाऊ’ अशी घोषणा दोनदा झाली होती. हे ‘थोड्याच वेळात’ ऐकून कोणाचेच समाधान होत नाही, कारण त्यात वेळही नसते आणि कारणही नसते. मागे कोणीतरी आवाज चढवून बोलू लागले होते, एक लहान मूल रडायचे थांबत नव्हते, आणि आम्हाला न्यायला सांगलीहून आलेल्या गाडीचे चालक तिसऱ्यांदा फोन करून विचारत होते, “ताई, बोर्डावर विमान आलंय म्हणून दाखवतंय, तुम्ही कुठं आहात?”

मग कॅप्टन स्वतः बोलले. आपल्या जागेवर उभ्या असलेल्या विमानातला एक प्रवासी बॅग देऊन विमानात चढलाच नाही, त्याची बॅग पोटातून शोधून उतरवली जात आहे, ते विमान निघायला साधारण पंधरा मिनिटे लागतील, असे त्यांनी आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत सांगितले. विमानाचा ब्रेक लावून आपण इथेच उभे राहणार आहोत, म्हणून पट्ट्याचा दिवा दहा मिनिटांसाठी बंद करतो, ज्यांना अगदी गरज आहे त्यांनीच उठावे, असेही ते म्हणाले.

त्या चार वाक्यांनी विमानातले वातावरण बदलले. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, पण आवाज खाली आले. माझ्या शेजारच्या कराडच्या गृहस्थांनी घरी फोन करून ‘अजून अर्धा तास धरा’ असे शांतपणे सांगितले. दोनदा नकार देणारी तीच हवाई सेविका स्वतः येऊन अण्णांना हाताला धरून घेऊन गेली आणि ते बाहेर येईपर्यंत दाराशी पाठ करून उभी राहिली. तिचे नाव मला विचारायला हवे होते.

न चढलेल्या प्रवाशाची बॅग उतरवण्यात वेळ जातो, याबद्दल माझी तक्रार नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर स्फोटात नष्ट झाले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. ज्या बॅगेत तो बॉम्ब होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. त्यानंतर माणूस नाही तर त्याची बॅगही नाही, हा दंडक जगभर कडक झाला. विजा चमकत असताना विमानाभोवतीचे काम थांबवतात, तेही कर्मचाऱ्यांच्या जिवासाठीच. अशी कारणे सांगितली तर माणूस थांबायला तयार होतो. आमच्या विमानातले शे-पावणेदोनशे लोक थांबले, ते मी पाहिले. कॅप्टनना वेळ कळली म्हणून दिवा बंद करता आला आणि दिवा बंद झाला म्हणून एका म्हाताऱ्या माणसाची लाज राखली गेली. खरी माहिती ही प्रवाशांच्या समाधानापुरती गोष्ट नसते. ती मिळाली की विमानातल्या कर्मचाऱ्यांनाही योग्य तो निर्णय घेता येतो.

दुसऱ्या खोळंब्यात मात्र ही माहिती कोणीच दिली नाही.

११ वाजून २४ मिनिटांनी विमान जागेवर उभे राहिले. आमच्या जागा पुढच्या बाजूला, डावीकडच्या खिडकीशी होत्या, त्यामुळे मला बाहेरचे सगळे दिसत होते. ओल्या काँक्रीटवर विमानाच्या पोटाखालच्या लाल दिव्याचा प्रकाश पडत होता, विझत होता, पुन्हा पडत होता. हा दिवा लुकलुकत आहे तोवर इंजिन चालू आहे असे धरून कोणीही विमानाजवळ यायचे नसते. तो कायमचा विझला, तेव्हा एक मनुष्य वाकून चाकांना ठोकळे लावून गेला. त्यानंतर एअरोब्रिज, म्हणजे टर्मिनलमधून विमानाच्या दाराला जोडायचा पूल, हलला. घडीघडीच्या काळ्या कापडाचे तोंड असलेला तो बोगदा पिवळा दिवा फिरवत, टीं टीं आवाज करत आमच्या दाराकडे सरकत आला आणि साधारण हातभर अंतरावर थांबला. काचेच्या केबिनमधल्या मुलाने एक बटण दाबले, पुन्हा दाबले, खाली वाकून पाहिले आणि वायरलेसवर बोलू लागला.

हा पूल जोडण्याचे काम दिसते तितके सोपे नसते. पुलाची जमीन आणि विमानाची जमीन एका पातळीत यावी लागते. माणसे व सामान उतरू लागले की विमान हलके होऊन थोडे वर उचलले जाते आणि पुन्हा भरू लागले की खाली बसते, म्हणून पुलाच्या टोकाला उंची आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा असते. ती चालत नसेल तर उघडलेले दार पुलावर टेकून मोडू शकते. त्या मुलाने घाई केली नाही हे बरोबरच केले. थोड्या वेळाने एक तंत्रज्ञ आला, त्याने एक झाकण उघडले, बंद केले आणि तोही वायरलेसवर बोलू लागला. अखेर पूल जसा आला तसा मागे गेला. हे सगळे मला खिडकीतून दिसत होते, पण मधल्या वाटेत उभ्या असलेल्या लोकांना यातले काहीच दिसत नव्हते.

आणि लोक उभे होते. विमान थांबताक्षणी सगळे उठले होते, वरच्या कप्प्यांतून बॅगा काढून झाल्या होत्या आणि आता परत बसायला कोणी तयार नव्हते. थंड हवेचा झोत मंद झाला होता. अण्णांच्या खांद्याला कोणाची तरी पाठीवरची पिशवी टेकलेली होती आणि ते मान एका बाजूला कलती करून बसले होते. दार जाम झाले आहे, पोलिसांना बोलावले आहे, विमानात कोणी आजारी आहे, अशा तीन वेगवेगळ्या बातम्या पंधरा मिनिटांत माझ्या कानांवर आल्या. एका तरुणाने संकटकाळचे दार उघडू या, असेही मोठ्याने म्हटले. त्याच्या आईने त्याला लगेच गप्प केले ते चांगलेच झाले. ती दारे उघडली तर रबरी घसरगुंड्या काही सेकंदांत फुगून बाहेर पडतात, खाली उभा असलेला माणूस त्यात सापडू शकतो, आणि घसरत उतरताना हातपाय मोडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. निम्मी दारे बंद धरूनही सगळे विमान ९० सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, या कसोटीवर विमान मंजूर होते. पण ती सोय आग लागली तर आहे, कंटाळा आला तर नाही. त्या तरुणाला हे माहीत नसणे मी समजू शकते. अठ्ठावीस मिनिटे एकही शब्द कोणी सांगत नसेल, तर माणसाच्या मनात भलते विचार येणारच.

११ वाजून ५२ मिनिटांनी शिडी लागली आणि दार उघडले. ज्यांचे पाय धड होते ते दहा-बारा मिनिटांत उतरून बसमध्ये चढले. आमच्यासाठी व्हीलचेअरची नोंद होती, आणि व्हीलचेअरचा प्रवासी सगळ्यांत शेवटी उतरतो. पूल असता तर खुर्ची दाराशी आली असती. शिडीवरून ती नेता येत नाही, त्यासाठी ॲम्ब्युलिफ्ट लागते. ट्रकवर बसवलेली ती खोली दारापर्यंत उचलून आणायची आणि माणसाला खुर्चीसकट खाली न्यायचे, अशी ती व्यवस्था असते. ती गाडी दुसऱ्या विमानाकडे गेली होती. त्या रिकाम्या विमानात आम्ही चार वृद्ध आणि त्यांच्यासोबतचे तिघे, असे सात जण बसून राहिलो. सफाई करणाऱ्या बायका आत आल्या, आमच्या पायांजवळचे कागद आणि पेले गोळा करू लागल्या. त्यांतल्या एकीने अण्णांना “आजोबा, पाणी हवंय का?” असे विचारले आणि कुठून तरी बाटली आणून दिली. त्या चौतीस मिनिटांत आमची विचारपूस केली ती तिनेच.

गाडीत बसल्यावर अण्णांनी वहीतल्या वेळा मोठ्याने वाचल्या आणि म्हणाले, “चौऱ्याण्णव मिनिटं झाली. कुणाच्या खात्यावर घालायची गं ही?”

हा प्रश्न त्यांच्या नोकरीतून आलेला होता. रेल्वेत गाडी अडली की ती मिनिटे कोणत्या तरी खात्याच्या नावावर पडतात. सिग्नल बिघडला तर सिग्नलवाल्यांच्या, रुळाचे काम असेल तर इंजिनिअरिंगच्या, समोरून येणाऱ्या गाडीला वाट दिली तर ऑपरेटिंगच्या. कंट्रोलमधून फोन येतो आणि मास्तरला उत्तर द्यावे लागते. गाड्या तरीही अडतात, हे आम्हा मिरजवाल्यांना ठाऊक आहे. पण अडलेले मिनिट बेवारस राहत नाही.

विमानाच्या हिशेबात आमची चौऱ्याण्णव मिनिटे कुठे दिसतात? वेळापत्रकातली पोहोचण्याची वेळ म्हणजे विमान जागेवर उभे राहण्याची वेळ. आमचे विमान ११.१५ ऐवजी ११.२४ ला उभे राहिले, म्हणजे नऊ मिनिटे उशीर. पंधरा मिनिटांच्या आतला उशीर हा वेळेवर धरण्याची पद्धत या व्यवसायात सर्वत्र आहे. कागदावर आमचे विमान वेळेवर आले होते. ठोकळे लागल्यापासून दार उघडेपर्यंतची अठ्ठावीस आणि दार उघडल्यापासून एका वृद्धाचे पाय जमिनीला लागेपर्यंतची चौतीस मिनिटे त्या आकड्यात नाहीत. मी कंपनीला पत्र लिहिले तेव्हा मला हेच उत्तर आले: विमान वेळेत पोहोचले होते. उत्तर देणाऱ्याने खोटे लिहिलेले नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले.

बॅगांसाठी मात्र आपल्याकडे घड्याळ आहे. मोठ्या विमानतळांच्या करारांमध्ये इंजिन बंद झाल्यापासून पहिली बॅग १० मिनिटांत आणि शेवटची ३० मिनिटांत पट्ट्यावर यावी, असे मानक आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने विमान कंपन्यांना ते पाळण्याविषयी बजावलेही. आमच्या बॅगा त्या रात्री आमच्याआधी पट्ट्यावर फिरत होत्या. ब्युरोच्या त्या सूचनेच्या महिनाभर आधी, जानेवारी २०२४ मध्ये, दिल्लीच्या धुक्यामुळे मुंबईला वळवलेल्या एका विमानातले प्रवासी खाली उतरून विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले होते. ती छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. ते विमान टर्मिनलला लागलेल्या जागेवर नव्हे, लांबच्या बेवर उभे केलेले होते. त्यानंतर विमानात चढून बसलेल्या प्रवाशांना उड्डाण फार लांबल्यास परत टर्मिनलमध्ये येता यावे, अशी सोय करण्यात आली. दंड झाले, सूचना निघाल्या, हे चांगले झाले. पण ती सोय निघू न शकलेल्यांसाठी आहे. पोहोचलेल्या आणि तरीही उतरू न शकलेल्यांचा विचार त्यात नाही.

अमेरिकेत हा विचार झाला, पण तोही प्रवाशांनी हाल सोसल्यावर. ऑगस्ट २००९ मध्ये वादळामुळे मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी वळवलेल्या एका लहान विमानात ४७ प्रवासी रात्रभर, जवळजवळ सहा तास, अडकून पडले. टर्मिनल खिडकीतून दिसत होते. कॅप्टन दार उघडण्याची परवानगी पुन्हा पुन्हा मागत होती आणि जमिनीवरून नकार येत होता. त्या प्रकरणात तीन कंपन्यांना मिळून १,७५,००० डॉलर दंड झाला आणि एप्रिल २०१० पासून देशांतर्गत विमानासाठी तीन तासांची मर्यादा लागू झाली: त्याआधी प्रवाशांना उतरण्याची संधी द्यायची, दोन तासांच्या आत खाणेपिणे द्यायचे, शौचालय चालू ठेवायचे. ही मर्यादा उतरलेल्या विमानालाही लागू आहे. माझ्या मते तीन तास फार होतात. मधुमेह असलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला पाऊण तासही जड जातो. पण मर्यादा छापलेली आहे आणि ती मोडल्यावर उत्तर देणारा कोणी आहे, हे मोलाचे आहे.

मी मागते आहे ते याहून कमी आहे. विमान जागेवर लागल्यापासून दार उघडेपर्यंतची वेळ नोंदली जावी आणि बाकी आकड्यांबरोबर जाहीर व्हावी. पूल लागणार नसेल तर शिडी मागवण्याचा निर्णय किती मिनिटांत घ्यायचा, हे आधीच ठरलेले असावे. त्या रात्री शिडी लांब नव्हती, तिला बोलवायचे कोणी हे ठरत नव्हते असा माझा समज झाला. ज्या विमानात व्हीलचेअरची नोंद आहे त्याला पूल मिळाला नाही, तर त्याच क्षणी ॲम्ब्युलिफ्टही निघावी. नोंद आम्ही तिकीट काढतानाच केलेली असते; ती कोणाला अचानक कळण्याचे कारण नाही. आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी खरे कारण सांगावे. ‘पूल बिघडला आहे, शिडी मागवली आहे, वीस मिनिटे लागतील’ एवढे बोलायला दहा सेकंद पुरतात.

आम्ही पेठ नाक्यावरून आत वळलो तेव्हा झुंजुमुंजू झाले होते आणि आष्ट्याच्या पुढे उसाच्या बैलगाड्यांऐवजी दुधाच्या गाड्या रस्त्याला लागल्या होत्या. अण्णा मागच्या सीटवर झोपले होते. सांगलीला विमानतळ व्हावा म्हणून कवलापूरच्या जुन्या धावपट्टीची चर्चा आमच्याकडे अनेक वर्षे चालू आहे, आणि तो झाला तर अण्णांसारख्यांचा हा रात्रभराचा रस्ता वाचेल. पण धावपट्टी झाली तरी दार वेळेवर उघडेलच असे नाही, म्हणून मी कंपनीचे ते उत्तर तिथेच सोडून दिले नाही. वहीच्या त्या पानाची छायाप्रत जोडून मी दुसरे पत्र पाठवले आहे, आणि केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ या तक्रारींच्या पोर्टलवरही सगळ्या वेळा जशाच्या तशा नोंदवल्या आहेत.

भावाने दिवाळीनंतरची तिकिटे काढून ठेवली आहेत. अण्णा जाणार आहेत. नातवाला पाहायचे आहे. परवा त्यांनी वहीचे कोरे पान काढून पट्टीने रेषा आखल्या आणि वर चार रकान्यांची नावे लिहिली: चाके, ठोकळे, दार, जमीन. मग थोडा विचार करून शेवटी पाचवा रकाना आखला आणि त्यावर ‘कारण’ असे लिहिले.